थंडीतली पाणपोई

सोलापूरच्या एसटी स्टँडबाहेर उन्हाळ्यात चार पाणपोया असतात. सोळा डिसेंबरला, विजय दिनी, एकच असते. छातीला पदक लावलेला एक म्हातारा सकाळी सातला माठ मांडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे तांब्या धरतो. बहुतेक लोक हसून पुढे जातात.

"मामा, थंडीत पाणी कोण पितंय? चहा ठेवा की!" रिक्षावाला ओरडला.

"त्यानं चहा मागितला न्हवता."

कोणी, असं मी विचारलं.

"एकाहत्तरची लढाई थांबली, तवा जखमींना पाणी पाजत हुतो. सत्तावीस जणांना पाजलं. अठ्ठाविसावा 'पानी' म्हणाला आन् माझी बाटली रिकामी. भरून आणेस्तोवर गेला."

"आपला होता की त्यांचा?"

"चिखलानं माखला हुता, साहेब. पानी तर दोगंबी तसंच मागत हुती."

पन्नासहून जास्त वर्षं एकाच माणसाला पाणी पोचवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला तहान नव्हती, तरी वाकून ओंजळ केली. पाणी ओतता ओतता त्याने दुसरा हात माझ्या मानेला आधारासाठी लावला.

"सावकाश घ्या," तो म्हणाला.