पेरूखालचे चार ब्रह्मचारी

राहाता तालुक्यात कोणी बिनलग्नाचं उरलं असेल, तर ते माझ्या सासऱ्यांच्या नजरेतून सुटलं म्हणूनच. एकटेपणाशी त्यांचं उभं वैर. जुळवलेल्या सोयरिका त्यांना स्वतःलाही आठवत नाहीत. माणसांवर भागेना म्हणून केरसुणी घेतली तर दोन, कुलूप घेतलं तर दोन. बागेत पेरूचं एक रोप मेलं, तर शेजारच्याला करमणार नाही म्हणून त्याच दिवशी दुसरं लावणार. हार खाल्ली ती घरात. माझी मोठी मेहुणी संगमनेरला कॉलेजात शिकवते, आणि लग्न करायचं नाही हे तिचं ठरलेलं. ती सुट्टीला आली की अंगणात पेरूखाली दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि दुसरीवर एखादं स्थळ घाम पुसत बसलेलं. शेवटी तिनं येणंच सोडलं. त्याला दोन वर्षं झाली होती.

अशा माणसानं बदकं आणली, ती पाच माद्या आणि पाच नर. विकणारा म्हणाला, "बाबा, पाच माद्यांना एक नर लई झाला."

सासरे भडकले. "मंग बाकीच्या चौघींनी काय करायचं?"

नर वयात आले आणि परसात रणकंदन सुरू झालं. ते एकमेकांच्या उरावर बसत आणि सगळे मिळून माद्यांच्या मानगुटीवर. माद्यांच्या मानेवरची पिसं गेली, एक लंगडायला लागली, अंडी बंद झाली. सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "चार नर बाजारात धाडा, न्हाईतर समदीच बदकं." बाजार म्हणजे पातेलं, हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक. त्यांचं जेवण सुटलं. सावेडीला माझ्या घरी त्यांचा फोन आला, "जावईबापू, कायतरी करा."

मी ओळखीच्या पशुवैद्याला विचारून सांगितलं, "एक नर माद्यांत ठेवा. चौघांना जाळी लावून वेगळं करा."

पलीकडून क्षीण आवाज आला, "म्हंजे जल्मभर बिनलग्नाचे?"

रविवारी मी गेलो तर नर बघण्याचा कार्यक्रम चालू होता. सासरे एकेकाला माद्यांत सोडून चालचलणूक तपासत होते. शेपटीवरच्या कुरळ्या पिसांचा तोरा मिरवणारे चौघे नापास झाले, खाली मान घालून दाणे टिपणारा पाचवा पास. चौघांना पेरूखाली जाळीत घालून अर्ध्या पिंपात पाणी भरताना सासऱ्यांचे डोळे भरून आले होते.

महिन्या-दोन महिन्यांत सासऱ्यांनी मैदान मारलं! माद्यांच्या मानेवर पिसं उगवली, लंगडी पळू लागली, अंडी तर इतकी की सासरे छाती काढून गल्लीतल्या प्रत्येक घरी ती वाटत सुटले, अर्थात दोन-दोन. पण खरी गंमत जाळीत झाली. माद्या समोरून हलल्या आणि चौघे भांडणंच विसरले. एका पिंपात डुंबायचे, रांगेनं फिरायचे, दुपारी एकमेकांना टेकून झोपायचे. सासरे रोज तासभर त्यांचं दुःख शोधत उभे राहायचे.

"ह्यांना काई कमी हाय, आसं दिसत न्हाई," ते एकदा म्हणाले. जरा दुखावल्यासारखे वाटले मला.

दिवाळीत त्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. "ये. कुनी पाव्हनं येनार न्हाई."

ती आली. पेरूखाली एकच खुर्ची मांडलेली होती. ती बसली, आणि सासरे शेजारी जमिनीवर टेकले. इतक्या सोयरिका जुळवणाऱ्या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. दोघं जाळीतल्या चौघांकडं बघत राहिली.

"लई वर्सं तरास दिला गं तुला," ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "ह्यांना खायला कधी घालता?"

"चौघंबी तुझीच वाट बगत हुते."