डिलियाची फुंकर

बुधवार, १२ मार्च १९५२. आमच्या दवाखान्याची फरशी पुसण्याचे डिलिया केरिगनला आठवड्याला सतरा शिलिंग सहा पेन्स मिळत. ते काम तिच्याकडे राहणार की जाणार, हे त्या संध्याकाळी समितीला ठरवायचं होतं. मी समितीचा चिटणीस होतो.

तक्रार नव्या डॉक्टरांची होती. डिलिया जन्मायच्या दोन महिने आधी तिचा बाप समुद्रात बुडाला. ज्यानं बाप पाहिला नाही, त्याच्या फुंकरीनं तान्ह्या बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे जातात, हे आयर्लंडच्या आमच्या मेयो परगण्यात कुणाला सांगावं लागत नाही. तीन सकाळी, अनशापोटी. पैसे द्यायचे नाहीत, आभारही मानायचे नाहीत. नाहीतर गुण जातो. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. आता आया तिला दवाखान्याच्या दारातच गाठू लागल्या होत्या, डॉक्टरांच्या खोलीत न जाताच.

"बाई, फुंकर बंद करा, नाहीतर काम सोडा," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या जांभळ्या औषधानं पोरं रडतात, त्याला मी काय करू?"

अध्यक्ष मॅलकी टूलिसला भांडण नको होतं. "अगं डिलिया, असं करू. फुंकर इथंच घाल, डॉक्टरांसमोर. पगारात दोन शिलिंग वाढवतो."

डॉक्टरांनी नाइलाजानं मान हलवली. मला वाटलं, मिटलं.

"फुंकरीचे दोन शिलिंग?" डिलिया उठली. "मॅलकी, तुझ्याही तोंडात तीन सकाळी फुंकर घातलीय मी. तोंड बरं झालं, अक्कल तशीच राहिली."

"बरं, वाढ नको. नुसतं..."

"बोललास ते बोललास. आता तुमची कुठली पेनी फरशीची आणि कुठली फुंकरीची, हे मला कोण सांगणार? बापानं माझ्यासाठी एवढंच ठेवलंय. ते मी विकणार नाही."

दवाखान्याची किल्ली टेबलावर आपटून ती गेली.

शनिवारी मी तिचा तीन दिवसांचा पगार पाकिटात घालून तिच्या घरी नेला. आत दोन आया बाळांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डिलियानं पाकिटाला हातसुद्धा लावला नाही.

"तुझ्या हातून तर नाहीच, फिंटन. तुझी लेक गेल्याच आठवड्यात बाळाला घेऊन आली होती माझ्याकडे."

"अहो, हा फरशीचा पगार आहे."

"तुला माहीत आहे. फुंकरीला कुठं माहीत आहे?" म्हणत तिनं दार लावून घेतलं.

समितीकडून डिलिया केरिगनला आठ शिलिंग नऊ पेन्स अजून देणं आहे.