एका घड्याळासाठी एकच तार

श्री. सदानंद मयेकर यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती सासऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन. त्या जातीचं घड्याळ बनणं कधीच थांबलं होतं. इथल्या पाया लेबार भागातल्या दोन दुकानांनी भाग मिळणार नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने नवा बनवून बसवू म्हटलं. चौथं ठिकाण म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. तिथे मयेकर बसले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ पाहिलं, मग भिंग काढून मला पाहिलं.

"मिळेल," ते इंग्रजीत म्हणाले. "कधी, ते विचारू नका."

पावतीवर माझं आडनाव लिहिताना ते मराठीत बोलू लागले. "इथे काय करता?"

"काही नाही. पुण्यात कॉलेजात मराठी शिकवत होते."

"पत्र लिहिता येतं?"

मला ती चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. "मेल नव्हे, बाई. पत्र. कागदावर, इंग्रजीत."

अशी मला नोकरी मिळाली. माझा वर्क पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, मिळायला चार महिने लागले. तोवर माझी खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली, आणि त्या चार महिन्यांतली पत्रं स्वतःच्या वाईट अक्षरात लिहिली. ती मी नंतर पाहिली. अक्षर खरोखरच वाईट आहे.

इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बहुतेक जण त्यांना 'चीफ' म्हणतात, कारण त्यांचं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये, चीफ इंजिनियर म्हणून गेलं. मी काका म्हणते. निवृत्तीनंतर गावी मालवणला न जाता ते इथे राहिले आणि बनणं बंद झालेल्या भारी घड्याळांसाठी मूळ भाग शोधू लागले. मूळ भाग म्हणजे त्याच कारखान्यात, त्याच घड्याळासाठी घडलेला. असे भाग दुकानात नसतात. ते निवृत्त कारागिरांच्या खणांत असतात, गोळ्यांच्या डब्यांत असतात, कधी त्यांच्या मुलांना नकोशा झालेल्या खोक्यांत असतात. ते मागून मिळवावे लागतात. म्हणून पत्र.

मागण्याचीही त्यांची रीत आहे. पत्रात आधी घड्याळ कोणाचं आहे ते लिहायचं. मग ते कसं थांबलं ते. भागाचा नंबर सर्वांत शेवटी. "नंबर आधी लिहिला की माणूस यादी उघडतो," ते म्हणतात. "माणसाबद्दल लिहिलं की खण उघडतो."

नव्याने बनवलेला भाग ते बसवत नाहीत. त्याबद्दल ते वाद घालत नाहीत. बुओना व्हिस्टाला राहणारे आपले एक इंजिनियर एकदा काउंटरवर म्हणाले, "काका, ऑनलाइन दोन दिवसांत येतो हो."

"येतो," मयेकर म्हणाले. "परत पाठवायलाही दोनच दिवस लागतात."

इंजिनियर हसले आणि घड्याळ ठेवून गेले. त्यांना सात महिने थांबावं लागलं. भाग बसला तेव्हा काढलेला जुना, मोडका भागही त्यांना लहान पाकिटात घालून मिळाला, पाकिटावर त्यांचं नाव. हा मयेकरांचा नेम आहे. मोडका झाला तरी तो भाग मालकाचा, असं ते मानतात.

पण मला सांगायचं आहे ते श्री. लिम यांच्या घड्याळाबद्दल. तिथे चूक माझी होती.

श्री. लिम हार्बर पायलट होते. हार्बरफ्रंटच्या समोरून जहाजं बंदरात आणण्यात त्यांची हयात गेली. एका जहाजमालकाने त्यांना निवृत्तीला ठोके देणारं मनगटी घड्याळ दिलं होतं. कडेची कळ सरकवली की ते आधी तासांचे ठोके देतं, मग पाव तासांचे. आत पोलादाच्या दोन वळवलेल्या तारा असतात आणि त्यांवर इवल्या हातोड्या पडतात. तासांची तार खालच्या सुराची, पावांची वरच्या. कुठल्याशा दुरुस्तीत तासांची तार मुळाशी तुटली होती. आता तासांची हातोडी नुसती हवेत फिरायची.

"पाऊण तास झाला हे कळतं," श्री. लिम म्हणाले. "किती वाजून पाऊण तास, ते नाही कळत लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली सवय त्यांनाही होती.

त्यांची दृष्टी जात होती. डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते. मुलीने त्यांना बोलणारा फोन घेऊन दिला होता.

"फोन दिवसभर बोलतो," ते म्हणाले. "माझी बायकोसुद्धा इतकी बोलायची नाही. मला फक्त वेळ हवी. त्याच आवाजात."

"पायलट लोकांना सगळं आयतं हवं," मयेकर म्हणाले. "वर उभं राहून हुकूम द्यायचा. खाली भाजायला आम्ही."

"खाली तुम्ही झोपायचात, चीफ. मला माहीत आहे."

नवी तार बनवता आली असती. पण तारेचा आवाज तिच्या पोलादात असतो, आणि तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. महिनाभराच्या चौकशीनंतर एक नाव मिळालं. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावातले वृद्ध कारागीर. त्या कारखान्यात त्यांनी तारांचंच काम केलं होतं आणि त्यांच्याकडे काही उरल्या होत्या.

पत्र मी लिहिलं. श्री. लिमबद्दल लिहिलं, त्यांच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. शेवटी नंबर घातला आणि दोन तारा मागितल्या. बसवताना एक तुटली तर, असा मी विचार केला. तो मला शहाणपणाचा वाटला. मयेकरांनी न वाचता सही केली. माझी पत्रं ते तोवर वाचेनासे झाले होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ होती. माझ्याकडे विकायला काही नाही.

मयेकरांनी ते वाचलं आणि माझ्या पत्राची प्रत मागितली. ती त्यांनी उभ्याने वाचली.

"दोन का मागितल्या?"

मी कारण सांगितलं.

"जहाजावर मीही दोन मागवायचो," ते म्हणाले. "समुद्रात दुकान नसतं. पण या लोकांकडे शेवटचं सामान उरलेलं असतं, बाई. दोन मागणारा त्यांना व्यापारी वाटतो. एका घड्याळाला तासांची तार एकच लागते. दुसरी कोणासाठी, हे तुम्ही लिहिलं नाहीत."

मला स्वस्थ बसवेना. त्या तारा दुसरीकडे कुठेही नव्हत्या. श्री. लिम यांची मुलगी दर सोमवारी फोन करायची आणि मी दर सोमवारी 'आम्ही कळवतो' म्हणायचे. त्या सोमवारीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मयेकरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि कळ सरकवली. तासांच्या जागी शांतता. मग वरच्या सुराचे तीन ठोके. ते रेकॉर्डिंग पाठवायचं ठरलं, आणि सोबत पत्र. ते त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोन तारा मागण्याची चूक माझी, हे त्यात होतं. माझी म्हणजे मयेकरांची.

"काका, चूक माझी आहे."

"सही कोणाची होती?"

"तुम्ही वाचलं नव्हतं."

"तीच चूक. तुमच्यापेक्षा मोठी." मग म्हणाले, "लिहा. एकच हवी आहे. मिळाली नाही तरी हे घड्याळ आम्ही दुसऱ्या तारेने वाजवणार नाही."

मी ते वाक्य लिहिताना थांबले. श्री. लिम यांच्या वतीने असं वचन देता येईल का, मी विचारलं. मयेकरांनी लगेच श्री. लिमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या दोन तारांसकट. फक्त 'बाईंनी' असं न म्हणता 'आम्ही' म्हणाले. पलीकडून श्री. लिम म्हणाले, "लिहा. उगीच भलत्याच आवाजात वेळ ऐकून काय करू?"

पुढचे पंचवीस दिवस आम्ही वाट पाहिली. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, मयेकर रोज माझ्याही कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप उचलून आणायचे. एरवी ते मी करते.

मग लहान पुडकं आलं. आत कापसात एक तार आणि एक चिठ्ठी होती. रेकॉर्डिंग ऐकून सूर जुळवला आहे. कानस लावू नका.

मयेकरांनी ती बसवायला दोन दिवस घेतले. श्री. लिम मुलीचा हात धरून आले. खुर्चीपर्यंतची पावलं त्यांनी मोजली, तेव्हा दृष्टी किती गेली आहे ते मला कळलं. घड्याळ हातात घेऊन त्यांनी कळ सरकवली. खालच्या सुराचे दहा ठोके. मग वरच्या सुराचे तीन.

"पावणेअकरा," श्री. लिम म्हणाले. मग म्हणाले, "चीफ, तुमचं घड्याळ काय सांगतं?"

मयेकरांनी भिंतीकडे पाहिलं. "दहा सत्तेचाळीस."

"मग तुमचं पुढे आहे लाह."

त्यांनी पुन्हा कळ सरकवली. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी महिन्याभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मयेकरांनी तुटलेल्या तारेचं पाकीट श्री. लिम यांच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

जाताना श्री. लिम यांनी मला विचारलं, "पत्र तुम्ही लिहिता ना? त्यांना कळवा, पोचलं म्हणून."

मी कळवलं. ते पत्र मयेकरांनी पाठवण्याआधी वाचलं. आता ते प्रत्येक पत्र वाचतात, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. वाचलं जाणारं पत्र जपून लिहिलं जातं.

येत्या महिन्यात मयेकरकाकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतील. हात स्थिर आहे. भिंग मात्र एक नंबर वरचं लागतं, ते कोणाला सांगू नका असं त्यांनी बजावलं होतं. अशा गौरवलेखाच्या शेवटी दीर्घ आयुष्य आणि चांगलं आरोग्य मागतात. म्हणजे दोन गोष्टी. मला ते जपूनच मागायला हवं. म्हणून रीतीप्रमाणे आधी लिहिते, कोणासाठी ते: श्री. सदानंद मयेकर, पाया लेबार, तिसरा मजला. त्यांच्या हातून अजून पुष्कळ थांबलेली घड्याळं चालायची आहेत, आणि त्यासाठी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागणार आहेत. दुसऱ्या कोणासाठी साठवायच्या नाहीत.