दोघांचं लाइटबिल

घरात दोन माणसं असताना यायचं त्याहून जास्त लाइटबिल एकटीला येऊ लागलं, तेव्हा मी आधी बिल पाठवणाऱ्यांवर चिडले. स्वभावच तसा आहे. सगळी नोकरी शाळेत फिजिक्स शिकवण्यात गेली, त्यामुळे चूक समोरच्याच्या वहीत असणार असं धरूनच मी लाल पेन उघडते.

माझे यजमान चैत्रात गेले. उन्हाळ्यातलं बिल वाढलं ते उकाड्याच्या नावावर खपून गेलं. पावसाळ्यातलंही वाढलं, तेव्हा मुलाचा बंगळुरूहून फोन आला. वडील गेल्यापासून बिलं तोच मोबाइलवरून भरायचा, त्यामुळे माझ्याआधी त्याला कळायचं.

“आई, एसी लावतेस का दिवसभर?”

“मला एसीने सर्दी होते. तुला माहीत आहे.”

“मग दिवे राहतात का चालू? पंखे?” आणि जरा थांबून, “गॅस नीट बंद करतेस ना गं?”

गॅसचा आणि लाइटबिलाचा काय संबंध! पण मला कळलं. माझी आई शेवटी शेवटी दूध गॅसवर ठेवून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या देवळात जाऊन बसायची, आणि कोणी आणायला गेलं की “तुम्ही कोण?” विचारायची. मुलाने ते लहानपणी पाहिलं होतं. आता तो माझ्यात आजी शोधत होता.

“दिवाळीनंतरचं बिल बघू,” तो म्हणाला. “ते पण असंच आलं तर घर भाड्याने देऊ या आणि तू इकडे ये. तुझ्यासाठी खोली आहेच.”

खोली आहे हे खरं. सून चांगली आहे हेही खरं. पण तिथं मी पाहुणी, आणि पाहुणीला भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलायची सोय नसते. मला बडोदं सोडायचं नव्हतं. त्याच्यावर रागावून मी फोन ठेवला खरा, पण मनात आलं, त्याचं बरोबर असलं तर? आपण विसरतो आहोत हे विसरणाऱ्याला कळतं थोडंच!

तेव्हा मी शोधाला लागले. तसं लाइटबिल म्हणजे सातवीचं गणित. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. बाकी कर, आकार वगैरे, आणि वापर वाढला की वरच्या युनिटांचा दर चढतो, एवढंच. सोसायटीतल्या लोकांनी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. समोरचे काका म्हणाले, “मीटर फास्ट फरे छे, बेन. अरजी आपो.” म्हणजे मीटर पळतोय, अर्ज द्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं, कोणीतरी माझ्या वायरीवरून वीज चोरतंय. मी एका दुपारी पंखे, दिवे, टीव्ही सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लग काढला आणि मीटरसमोर जाऊन उभी राहिले. वीज वापरली जात असली की मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो. तो ढिम्म होता. म्हणजे गळती नाही, चोरी नाही. जे काय खात होतं ते घरातलंच होतं.

मग मी फ्रिजला धरलं. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावलं आणि पट्टी ओढली, तर ती सुळकन बाहेर आली. रबर सैल झालं होतं. ते बदलून घेतलं. तरी समाधान होईना, म्हणून टीव्ही बंद केला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

टीव्हीचं सांगायला हवं. तो मी बघायची नाही. मराठी चॅनेल लावून ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. माझं बाहेरचं सगळं बोलणं गुजरातीत. शाळेत शिकवलंही गुजरातीतच. मराठी घरात बोलायची, आणि ती ज्यांच्याशी बोलायची ते गेले. निदान घरात कानावर तरी पडावी म्हणून टीव्ही. तो बंद केल्यावर घर इतकं गप्प झालं की भांडं हातातून निसटलं तरी बरं वाटायचं. संध्याकाळी एकाच खोलीत एक ट्यूब लावून मी बसायची, बाकी घरभर अंधार. एवढं करून मीटरचे आकडे मात्र पहिल्यासारखेच पळत होते. मला घरात राहायचं होतं, आणि त्यासाठीच मी ते घर राहण्याजोगं ठेवलं नव्हतं.

दसऱ्यानंतर एका सकाळी शेजारची मुलगी थेपले घेऊन आली. लग्न होऊन सावली गावाहून नुकतीच आलेली, बडबडी. तिच्या आणि माझ्या न्हाणीघराच्या खिडक्या अरुंद बोळात समोरासमोर आहेत. बशी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “मासी, एक वात पूछुं? तमे रोज सवारे नाहीने कयो मंत्र बोलो छो?”

आंघोळ झाल्यावर मी मंत्र म्हणते? मी म्हटलं, “हुं तो कंई मंत्र नथी बोलती.”

“बोलो छो ने! मोटेथी, एक ज वार. हुं पण शीखी गई.” रोज एकदाच, पण मोठ्याने, आणि ऐकून ऐकून तिलाही पाठ झाला होता! तिने हात जोडले, डोळे मिटले आणि भक्तिभावाने म्हटलं, “झालं माझं!”

मी हातातली बशी खाली ठेवली.

आमच्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षी एक भांडण झालं होतं, आणि त्यातून एक नियम निघाला होता. बाराही महिने ऊन पाणी लागणारी आम्ही माणसं. गीझर पहिल्याने लावायचा आणि मागून आंघोळ करील त्याने बंद करायचा. पहिली नेहमी मी. मी बाहेर यायची, व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या यजमानांना ऐकू जाईल असं ओरडायची, “झालं माझं!” आणि देवपूजेला बसायची. मग ते उठायचे. संसारभर गीझरचं बटण मी दाबलं ते फक्त लावायला. बंद करणं माझ्याकडे कधी नव्हतंच.

मी न्हाणीघराकडे गेले. बटण दाराच्या मागे आहे, दार उघडं असलं की दिसतच नाही. दार ओढलं. बटण चालू होतं. गरम पाण्याचा नळ सोडला तर वाफाळतं पाणी आलं, माझी आंघोळ होऊन दोन-तीन तास उलटलेले असताना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गेले कित्येक महिने मी रोज सकाळी त्यांना हाक मारत होते, आणि गीझर त्यांची बादली दिवसभर तयार ठेवत होता. पाणी निवलं की पुन्हा तापवायचं, पुन्हा निवायचं, पुन्हा तापवायचं. त्या दुपारी मी मीटरसमोर उभी होते तेव्हा पाणी तापलेलं असणार आणि थर्मोस्टॅटने प्रवाह तोडलेला असणार, म्हणून ठिपका हलला नाही. फिजिक्स सगळं बरोबर होतं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि नळ चालू ठेवून रडले.

“शुं थयुं, मासी?” ती पोर घाबरून दारात आली.

“कंई नथी,” मी म्हटलं. “चोर मळी गयो.” सापडला होता खरा.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले. शब्द ओठावर आला होता. मी तोंड मिटून घेतलं, दाराच्या मागे हात घातला आणि बटण बंद केलं. व्हरांड्याकडे बघितलं नाही. लोक समजतात तेराव्यापर्यंतचे दिवस कठीण. तेव्हा घरात माणसं असतात, स्वयंपाक असतो, याला चहा त्याला पाणी चालू असतं. माझा तो दिवस तेराव्यापेक्षा वाईट गेला. दुपारी टीव्ही पुन्हा लावला, कारण त्याचा काही गुन्हा नव्हता.

दिवाळीनंतर बिल आलं आणि संध्याकाळी मुलाचा फोन.

“आई, अगं जवळजवळ अर्धं! काय केलंस?”

“गीझर बंद करते.”

“म्हणजे इतके दिवस तो चालूच राहायचा? बघ, मी म्हणत होतो ना, तू विसरतेस...”

“विसरत नव्हते रे. गीझर बाबा बंद करायचे.”

तो बोलेना. त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी त्याला हाक मारली. मीही घाई केली नाही. वडील गेले तेव्हा सगळी धावपळ त्याच्याच गळ्यात पडली होती, आणि तो रडलेला मी पाहिला नव्हता.

“बरं,” शेवटी तो म्हणाला. “राहा तू तिथंच. मी परत नाही विचारणार.” मग बोलायचं म्हणून बोलला, “पण एवढं कमी? बरोबर आहे ना ते? मीटर बंद नाही ना पडला?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “एकटीचं एवढंच येतं.”