हवालदाराची शंका

त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. सायकलींत हवा भरतो म्हणून हवालदार, एवढंच. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चाकाला टायर बसावा तसं ते त्याच्या अंगाला घट्ट बसलं होतं.

चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला रस्ता, आणि दारात पाण्याचं घमेलं. पंक्चर काढणारे पुष्कळ असतात. बुडबुडा दिसला, कानस मारली, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबलं, चला पुढचा. हवालदाराचं तसं नव्हतं. ठिगळ बसलं की तो ट्यूब पुन्हा घमेल्यात धरायचा आणि मनात शंभरापर्यंत मोजायचा. सावकाश, एकेक आकडा चघळत. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणायचा, "पाण्याला बोलायला वेळ द्या." शंभरापर्यंत पाणी गप्प राहिलं तरच ट्यूब टायरमध्ये जायची. वीस वर्षांत त्याच्या हातची ट्यूब परत आली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगत नसे. पण दुसरा सांगू लागला तर थांबवतही नसे.

असा हा माणूस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या रक्तावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.

झालं होतं ते असं. सहा महिन्यांपूर्वी तो टायर आणायला मोठ्या शहरात गेला आणि मुक्काम पडला. लॉजवर शेजारच्या खोलीत एक बाई उतरली होती, कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारी. संध्याकाळी दोघं गॅलरीत बोलत बसले. बोलता बोलता हात हातात गेला, ओठ ओठांना लागले, हात अंगावरून फिरले. गोष्ट त्यापुढे गेली नाही. दोघांनाही एकदमच लाज वाटली आणि एकदमच हसू आलं. दुसरा कुणी असता तर त्याने ती आठवण अत्तराच्या फायासारखी जपली असती.

पण परतताना बसस्टँडच्या भिंतीवर त्याने एचआयव्हीचं पोस्टर वाचलं आणि आपल्या बोटाकडे पाहिलं. चाकाच्या तारेने कापलेलं बोट. जखम अजून ओली. तिथून शंका आत शिरली, ती शिरलीच.

सरकारी दवाखान्यात या तपासणीची एक खोली होती आणि तिथे माणसांशी बोलायला एक ताई बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हात लावल्याने, मुका घेतल्याने हा आजार होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खरं तर तपासणीचीही गरज नाही. पण मन शांत होणार असेल तर करू." दीड महिन्याने तपासणी केली, आजार नाही. तीन महिन्यांनी केली, आजार नाही. "आता हा शेवटचा शब्द," ताई म्हणाल्या. "घरी जा आणि सुखाने जेवा."

त्या कागदाच्या जोरावर हवालदाराने धीर केला. समोरच्या दुकानात एक शिवणवाली होती. नवरा जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती, आणि आठ वर्षं तिचं मशीन आणि त्याचा पंप समोरासमोर चालत होते. तो मशीनला तेल घालून द्यायचा, ती त्याची बटणं लावून द्यायची. सगळ्या चौकाला कळलं होतं, या दोघांनाच काय ते कळायचं होतं. त्याने विचारलं. ती म्हणाली, "किती उशीर!" आणि हो म्हणाली.

हो ऐकलं मात्र, शंका दुप्पट झाली. आता प्रश्न त्याच्या एकट्याच्या जिवाचा नव्हता.

चौथ्या महिन्यात तो पुन्हा ताईंच्या दारात. पाचव्यात पुन्हा.

"आता काय राहिलं?"

"ताई, बारीक पंक्चर असतं ना, ते लगेच कळत नाही. चाक बसल्यावर कळतं."

"अहो, रक्त म्हणजे ट्यूब नव्हे."

"तेच म्हणतोय. ट्यूब निदान डोळ्यांना दिसते."

घरात तो आणि थोरली अक्का. त्याने आपलं ताट वेगळं ठेवलं, पेला वेगळा, टॉवेल वेगळ्या खुंटीवर. ताईंनी सांगितलं होतं की यातून काही होत नाही, पण सांगणं कानात राहतं आणि भीती हातात. अक्काने आठ दिवस बघितलं. मग म्हणाली, "काय रे, वाटणी मागतोस का? मागायची तर आताच माग. स्वयंपाकघर माझं, माळा तुझा." तो हसला नाही. 

एका गुरुवारी पाना सटकला आणि बोट पुन्हा कापलं. समोरून शिवणवाली चिंधी घेऊन धावत आली. तिने हात पुढे केला, आणि हवालदार ओरडला, "हात लावू नकोस!"

चौकातली चार माणसं वळून बघायला लागली. तिने चिंधी मुठीत घेतली. आवाज चढवला नाही.

"ठरल्याप्रमाणे सोमवारी अकरा वाजता लग्नाची नोंदणी कचेरी. मी येईन. तू नाही आलास तर मंगळवारी मशीन उचलून भावाकडे जाईन. समोर बसून रोज तुझी पाठ बघायची हौस नाही मला."

शनिवारी दवाखान्यातल्या ताई आपली सायकल ढकलत दुकानी आल्या.

"ताई, सोमवारी खोली किती वाजता उघडते?" त्याने हळूच विचारलं. "शेवटचं एकदा. कचेरीत जाण्याआधी."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "आधी माझं चाक बघा. तीनदा हवा भरली, तीनदा गेली."

त्याने ट्यूब काढली, फुगवली, घमेल्यात फिरवून धरली. शंभर मोजले. "भोक नाही."

"परत बघा."

त्याने परत बघितलं. "नाही."

"अजून एकदा. बारीक असेल."

"ताई, नाही म्हणजे नाही!" हवालदाराचा स्वाभिमान दुखावला. "शंभर मोजलेत, दोनदा. पाणी खोटं बोलत नाही."

"मग हवा जाते कुठे?"

"हवा भरायच्या वालवरची रबरी नळी कुजलीय. एवढीशी असते. लोक उगीच ट्यूबमध्ये भोक शोधत बसतात, चांगल्या ट्यूबला कानस मारतात, आणि..."

तो थांबला.  घमेल्यातलं पाणी हळूहळू स्थिर झालं.

मग ताई शांतपणे म्हणाल्या, "हवालदार, मला आहे तो आजार. चौदा वर्षं झाली. रोज एक गोळी घेते. नवऱ्याला नाही, नऊ वर्षांच्या लेकीला नाही. तुम्ही दर वेळी माझ्यासमोर बसून म्हणता, हा झाला की माणूस संपला. मी ऐकून घेते. सायकल तुमच्याकडेच नीट होते ना, काय करणार!"

त्याला मान वर करवेना. "ताई, चुकलो."

"माझ्या बाबतीत कमीच चुकलात." त्यांनी समोरच्या दुकानाकडे हनुवटीने दाखवलं.

त्याने नवी नळी बसवली आणि हवा भरली. हात सवयीने पुन्हा घमेल्याकडे गेला. तिथेच अडला. मग त्याने घमेलं उचललं आणि पाणी रस्त्यावर ओतून दिलं. वीस वर्षांत भर दुपारी ते पहिल्यांदा रिकामं झालं.

समोर जाऊन तो मशीनपाशी उभा राहिला आणि गॅलरीपासून घमेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच राहिला. 

"सहा महिने एकटाच हे पोटात घेऊन बसलास?"

"हं."

"मूर्ख आहेस." मग थोड्या वेळाने, "दिसायला कशी होती?"

"कोण?"

"गॅलरीतली."

"अंधार पडला होता," हवालदार म्हणाला.

"बरंय." तिने खणातून तीच चिंधी काढली. मुठीतल्या चुण्या अजून तिच्यावर होत्या.

त्याने कापलेलं बोट पुढे केलं. या वेळी मागे घेतलं नाही. तिने चिंधी गुंडाळली आणि गाठ अशी आवळली की तो कळवळला.

"हलू नकोस. शंभर मोज."

तो मोजू लागला. तिने बोट सोडलं नव्हतं. चाळीसच्या पुढे कुठेतरी त्याचा आकडा चुकला, आणि त्याने तो पहिल्यापासून मोजला नाही.