मागचीच चाकं का तापतात? अमरावतीहून तेल्हाऱ्याला मोटारीने

तेल्हाऱ्याला जायचं ठरलं ते मोटार विकायच्या आधी एकदा अक्कांना भेटून यावं म्हणून. अक्का म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या थोरल्या बहीण. तेल्हाऱ्याबाहेर त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा आहे. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. अमरावतीत राजापेठेला त्यांचा दवाखाना आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून त्यांना बोलावणी येतात. पूर्वी ते फटफटीवर जायचे. दोन वर्षांमागे एका वळणावर फटफटी घसरली, उजवा पाय मोडला आणि जुळला तो गुडघ्यात न वाकणारा. मग आम्ही एक जुनी मोटार घेतली आणि ती चालवायला मी शिकले. त्यांना पेडल दाबणं शक्यच नव्हतं.

मोटार चांगली होती. फक्त तिच्या मागच्या चाकांचे ब्रेकचे पट्टे टिकत नव्हते. वर्षात ते दोनदा बदलले आणि तिसऱ्यांदा झिजत आले. युद्ध संपलं तरी सुटे भाग मिळवायला मारामार. आमच्या इथल्या मेकॅनिकने निकाल देऊन टाकला, "डॉक्टरसाहेब, बाईमाणूस घाबरते. सारखा पाय ब्रेकवर राहतो." डॉक्टरांनाही ते पटलं होतं हे मला घरी येईपर्यंत कळलं. अकोल्यातले एक सरकीचे व्यापारी मोटार विकत घ्यायला तयार होते. "तेल्हाऱ्याहून येताना देऊन टाकू आणि रेल्वेनं परत येऊ," डॉक्टर म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय? आपण सारखा ब्रेक मारत नाही हे सिद्ध कसं करायचं, ते मला माहीत नव्हतं.

मार्गशीर्ष लागला होता. तुम्ही जाणार असाल तर हेच दिवस धरा. पावसाळ्यात काळी माती चाकं सोडत नाही आणि उन्हाळ्यात गाडीच्या टाकीतलं पाणी उकळतं. पेट्रोलची कुपनं आधी जमवा, पाण्याचा एक डबा जवळ ठेवा आणि उजाडताच निघा, कारण उन्हं वर आली की कपाशीच्या गाड्या रस्त्यावर येतात आणि मग त्यांच्याच चालीने चालावं लागतं. आम्ही निघालो तेव्हा बडनेऱ्यापर्यंत धुकं होतं. डॉक्टर माझ्या डाव्या हाताला, पाय जमेल तितका लांब करून बसलेले. पुढच्या सीटवर तो पाय पुरता पसरत नाही. त्यांना दर थोड्या वेळाने कूस बदलावी लागते.

बडनेरा सोडल्यावर रस्ता खडीचा, दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी. बायका ओटीत कापूस भरत होत्या आणि मोटार दिसली की कंबरेत हात देऊन उभ्या राहत होत्या. मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक बंद होतं. यवतमाळकडची छोटी गाडी आरामात निघाली होती; डब्याच्या दारात बसलेली माणसं खाली उतरून पुन्हा चढू शकली असती. फाटकाशी दोन गाडीवान माझ्याकडे बघत होते.

"बाई चालवून राहिली ना बे मोटार!"

"मंग? तिले काय हात नाईत?"

"हात हायेत, पण मालक बाजूले बसला ना."

दुसरा गाडीवान डॉक्टरांकडे नीट बघून म्हणाला, "मालकाचा पाय पाह्य. तुले बैल हाकता येते म्हून सारं कळते काय?"

आम्ही दोघंही हसलो. फाटकापलीकडच्या हॉटेलात चहा आणि गरम भजी मिळतात. चहा गोड असतो, साखर कमी सांगितली तरी गोडच येतो.

बोरगाव मंजूच्या अलीकडे मला जळका वास आला. आधी वाटलं, कुणी शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळत असेल. मग गाडी जड झाली. मी एका निंबाखाली थांबवली, ब्रेक ओढला आणि उतरून मागच्या चाकाजवळ गेले. हात लावायची सोयच नव्हती. डब्यातलं पाणी शिंपडलं तर चुर्र झालं.

डॉक्टर काठी टेकत आले. "बघ," ते म्हणाले. रागावले नव्हते, आणि त्यानेच मला जास्त लागलं. "किती दाबतेस अगं ब्रेक."

मी पुढच्या चाकाला हात लावला. ते नुसतं कोमट होतं. दुसरंही तसंच.

"पेडल तर चारही चाकांना लागतं ना?" मी म्हटलं. "मग ही दोनच का तापली?"

"मागं वजन जास्त असेल."

मागे वजन होतं एका ट्रंकेचं आणि अक्कांसाठी नेलेल्या संत्र्यांच्या करंडीचं. चाकं निवेपर्यंत आम्ही निंबाखाली बसून दशम्या आणि जवसाची चटणी खाल्ली. त्या वेळात शेजारून गेलेला प्रत्येक माणूस थांबला आणि प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं.

अकोल्यात आम्ही आधी मोटार युसूफभाईंकडे नेली. डॉक्टरांची त्यांची जुनी ओळख. फटफटी असताना तिचं काम ते करायचे. ताजनापेठेत त्यांचं दुकान आहे. त्यांनी चारही चाकं उघडली आणि मला हाक मारली.

"भाभी, हे पाहा. पुढचे पट्टे तं नव्यासारखे हायेत. मागचे पार गेले."

"मी सारखा ब्रेक मारते म्हणतात."

"पायानं मारला असता तं पुढचेही झिजले असते. मागचे एकटे झिजते ते हातब्रेकनं. तो फक्त मागच्या चाकांले धरते. तुमी चालत्या गाडीत हातब्रेक ओढता काय?"

"कधीच नाही. उभी केली की ओढते, निघताना सोडते."

त्यांनी सळई पाहिली, स्प्रिंग पाहिली, तेल गळतंय का पाहिलं. हातब्रेक सोडून चाक फिरवलं तर ते सुरेख फिरत राहिलं. "गाडीत तं काहीच खराबी नाई," ते डोकं खाजवत म्हणाले. "आता मले बी नाई समजत." त्यांनी जुन्या मोटारीचे पट्टे कापून आमच्या मापाचे बसवून दिले. ती रात्र आम्ही स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत काढली. खोली स्वच्छ होती, पांघरूण आपलं न्यावं. खाणावळीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी छान मिळाली, पण मला जेवण गेलं नाही. मी न ओढलेला ब्रेक लागत होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सकाळी अकोटच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर पुढे रेल्वे नाही, सर्व्हिस मोटारी आहेत, पण त्यांत माणसं अशी बसवतात की डॉक्टरांना त्या पायाने बसता आलं नसतं. म्हणून तर अपघातानंतर ते बहिणीकडे गेले नव्हते, आणि झिजक्या ब्रेकची मोटार इतक्या लांब न्यायची हिंमत झाली नव्हती. पूर्णेच्या पुलाजवळ समोरून कापसाच्या गाड्यांची रांग आली. पहिल्या गाडीचा एक बैल बुजरा होता, मोटार पाहून त्याने मान वर टाकली. मी गती कमी केली, गिअर बदलला आणि बदलताना माझी नजर खाली गेली.

डॉक्टरांचा उजवा हात हातब्रेकच्या दांडीवर होता. मूठ आवळलेली. बैलाने पुन्हा मान उडवली तेव्हा हात वर आला आणि दांडी एक दाता वर चढली. टक्. इंजिनाच्या आवाजात तो टक् मला त्याआधी कधी ऐकू आलाच नव्हता. बैल गेले. डॉक्टरांनी हात काढून मांडीवर ठेवला. दांडी वरच राहिली, कारण तिची कळ दाबल्याशिवाय ती खाली जात नाही.

मी तशीच चालवत राहिले. खरं सांगते, मला संताप आला होता. वर्षभर ऐकलेलं सगळं आठवलं. मेकॅनिकचं, शेजाऱ्यांचं, कालचं निंबाखालचं. चोहोटा गाव येईपर्यंत मी फक्त बघत राहिले. शेळ्या आडव्या आल्या, हात गेला. सायकलवाला डगमगला, हात गेला. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे असे बघत होते जसा एखादा रोगी नाडी धरलेल्या डॉक्टरकडे बघतो. मोडका पाय मोटारीच्या तळाशी रेटलेला होता. आपण काय करतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. माझा राग तिथे उतरला. पुरता नाही, पण बोलता येईल इतका.

मी गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात चाकावरच ठेवले.

"हा ब्रेक कुणी ओढला?"

"तूच. आत्ता थांबलीस ना."

"मी अजून हात लावलेला नाही."

त्यांनी दांडीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. बाजूच्या शेतात कुणीतरी पाखरं हाकत होतं.

"दर वळणावर माझा पाय ब्रेक शोधतो," ते शेवटी म्हणाले. "पडलो तेव्हापासून. पाय तर हलत नाही. मग हात जात असेल." आणि थोड्या वेळाने, "तुला इतकं बोललो मी."

"बोललात," मी म्हटलं.

ते नाकारून काय उपयोग होता? पण मग मी कळ दाबून दांडी खाली सोडली आणि विचारलं, "आता काय करायचं?"

हात मांडीखाली दाबून बसतो म्हणाले. पहिल्याच बैलगाडीपाशी हात बाहेर. तेव्हा मी ट्रंक पुढे घेतली आणि त्यांना मागे बसायला सांगितलं. ते तयार नव्हते. मागून रस्ता दिसत नाही, आणि दिसला नाही तर आणखी भीती वाटेल, असं त्यांचं म्हणणं. "मी सांगते ना काय आलं ते," मी म्हटलं. शेवटी ते मागे आडवे बसले, पाय सीटवर सरळ पसरून, आणि मी अकोटच्या दिशेने निघाले, मोठ्याने बोलत. बैलगाडी आहे, बाजूने जागा आहे. खड्डा आहे, हळू घेते. म्हशी आहेत, त्या काही हलणार नाहीत, थांबते. चिंचा आहेत दोन्हीकडे, सावली आहे. समोर लांब सातपुडा दिसायला लागला, निळा. आधी ते दर वाक्याला "बरं" म्हणत होते. मग मधेमधे. मग त्यांचा आवाज येईना. मागे वळून पाहिलं तर ते झोपले होते. अपघातानंतर चालत्या वाहनात त्यांना झोप लागल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मी तरीही हळू आवाजात सांगतच राहिले, उगाच आवाज थांबल्याने जाग यायला नको.

तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा अक्का मळ्यात झेंडूची फुलं तोडून घेत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या भावाकडे.

"काहून रे बाळू, बायकोले गाडी हाकाले लावली आन तू मांगं शेट होऊन बसला?"

मला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण डॉक्टर उतरले, काठी सावरली आणि मळ्यातली दोन-चार माणसं ऐकत असताना म्हणाले, "अक्का, मी पुढं बसलो की भीतीनं ब्रेक ओढतो. मोटार माझ्यानं खराब होऊन राहिली होती, आन बोल हिले लागत होते."

अक्कांनी हातातली फुलं टोपलीत टाकली. जवळ येऊन त्यांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई दुखते का रे?" एवढंच विचारलं. मोडल्यापासून त्यांनी तो पाय पाहिलाच नव्हता. संध्याकाळी मात्र त्या माझ्याशेजारी ऐटीत पुढे बसल्या आणि मळ्याच्या बांधालगतच्या गाडीवाटेने गावापर्यंत फिरून आल्या. वाटेत जो दिसेल त्याला हाक मारत होत्या.

तिथे दोन दिवस कसे गेले ते कळलं नाही. वांगी, मुळे आणि झेंडू यांनी मोटार भरून आम्ही परत निघालो. वाटेत नरनाळ्याचा किल्ला बघायचा राहून गेला; तुम्ही अकोटला एक दिवस जास्त ठेवा.

अकोल्याला युसूफभाईंनी चाकं उघडली. पट्ट्यांवर नख ओढून पाहिलं आणि खूश झाले. कारण सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत; "होते असं," एवढंच म्हणाले. व्यापारी ठरल्याप्रमाणे मोटार बघायला आले होते. डॉक्टर त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलले. मी ऐकलं नाही. परत येऊन ते मागचं दार उघडून बसले आणि म्हणाले, "चल. उजेडात घरी पोचू."

तुमच्या मोटारीची मागचीच चाकं तापत असतील तर तेल गळतंय का बघा, सळई अडकली आहे का बघा. काहीच सापडलं नाही तर शेजारी कोण बसतं तेही बघा.

अमरावतीत आता डॉक्टर गाडीत मागे बसतात. मोटार आल्यावर साहेब झाले, असं पेठेत बोलतात. परवा वलगावकडच्या एका खेड्यातून अडलेल्या बाळंतिणीला इस्पितळात आणायचं होतं. मागची सीट तिला आणि तिच्या आईला दिली, त्यामुळे डॉक्टरांना पुढे बसणं भाग होतं. रस्ता वाईट, त्यात बाजारच्या गाड्या. ती पोर कण्हत होती. डॉक्टर सबंध वाट मागे वळून तिच्याशी बोलत होते, मनगट धरून. इस्पितळाच्या फाटकाशी मी थांबले आणि माझी नजर आपोआप खाली गेली. दांडी अगदी खाली होती.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनीही खाली पाहिलं. "मी रस्ता पाहिलाच नाही गं," ते नवलाने म्हणाले, आणि काठी घेऊन आत स्ट्रेचर मागायला गेले.