चुन्याच्या रेघांचं घर

मी सर्वांत जास्त कोणाचं देणं लागतो, असं कोणी विचारलं तर मी आईबाबांच्याही आधी कमलताई पिंपळखुटे यांचं नाव घेईन. आईबाबांनाही ते मान्य असेल.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अधारताल वस्तीतल्या आमच्या रिकाम्या प्लॉटवर. भर उन्हात, पदर खोचलेला, हातात चुन्याचा डबा. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पगाराची स्लिप नाही म्हणून बँकेने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. अशाच लोकांसाठी दीक्षितपुऱ्यातल्या काही भाडेकरू कुटुंबांनी एक बचत मंडळ काढलं होतं. सगळ्यांनी दर महिन्याला थोडं थोडं साठवायचं आणि त्यातून पाळीपाळीने एकेकाला घरासाठी कर्ज द्यायचं. आपलं घर झालं तरी शेवटच्याचं होईपर्यंत बचत थांबवायची नाही, हा नियम. शाळेतली नोकरी सांभाळून कमलताई या मंडळाचं सचिवपद बघत.

त्यांची एक रीत होती. कर्ज मंजूर करण्याआधी त्या प्लॉटवर येत, सगळं घर खऱ्या मापाने जमिनीवर चुन्याने आखायला लावत आणि घरच्यांना त्या रेघांच्या आत एक वेळ जेवायला बसवत. "कागदावर सगळेच मावतात जी," त्या म्हणत. "बसून पाहा, मग बांधा."

आई डबा घेऊन सरळ रेघ ओलांडून आली, तशा त्या ओरडल्या, "अवं, भिंतीतून काहून येऊन राहिली? दार तिकडे आहे!" आई ओशाळली, मागे फिरली आणि वळसा घालून दारातून आत आली. बाबा हसले. "हसू नका भैया," ताई म्हणाल्या, "तुम्ही संडासात बसले आहात."

जेवणं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू अभ्यास कुठं करशील?" मी दहावीत होतो. मी मधल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"तिथं तर आईची शिलाई मशीन येणार. पुढची ही खोली कोणाची?"

"ती भाड्याने द्यायची आहे, दीदी," बाबा म्हणाले. "हा करेल कुठंही. आमच्या घरात कोण शिकलं?"

"अच्छा. मग याच्यापासून सुरू होऊ द्या. ही खोली पोराची."

बाबांचा चेहरा उतरला. "भाडं नाही आलं तर हप्ता कसा भरू, जी?"

"हप्त्याला उशीर झाला तर मी कमिटीशी भांडीन. पोराला उशीर झाला तर कोणाशी भांडू?"

हप्त्याला उशीर झाला, एकदा नव्हे, अनेकदा. त्या भांडल्या. आणि त्या खोलीत बसून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

पुढे बँकाच दारोदार फिरू लागल्या. नवी मुलं मंडळात येईनात. शेवटच्या सभासदाचं घर झालं तेव्हा सगळ्यांच्या ठेवी परत करून मंडळ बंद केलं. ती सभा नदीकाठी, ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर झाली. कोणीतरी म्हणालं, "बुडालं शेवटी आपलं मंडळ." ताई ताडकन बोलल्या, "बुडालं नाही. नाव किनाऱ्याला लागली की माणसं उतरतातच ना?" पण सगळे निघून गेल्यावरही त्या पायरीवरून उठेनात.

सगळ्यांची घरं झाली होती. एकट्या ताईंनी कर्ज घेतलं नव्हतं. "आई, तू माझ्याकडेच येणार आहेस," असं मुलगा म्हणायचा. दीक्षितपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून त्या हैदराबादला त्याच्याकडे गेल्या. मुलगा-सून चांगले आहेत. एकदा फोनवर मी विचारलं, "कसं वाटतं तिथं?" म्हणाल्या, "सगळं आहे रे. लिफ्ट आहे, एसी आहे. बसायला जागा नाही." नंतर त्यांना फोनवर ऐकू येईनासं झालं.

आता मी वरचा मजला बांधायचं ठरवलं आहे. बँकेने कर्ज लगेच दिलं. कोण कुठे बसणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. तेव्हा ताईंची इतकी आठवण आली की मी त्यांना लिहायला कागद घेऊन बसलो. हेच ते पत्र:

ती. कमलताईंना सा. न.

गच्चीवर चुन्याच्या रेघा आखल्या आहेत. बाबांनीच आखल्या. काल आम्ही सगळे आत बसून जेवलो. रस्त्याकडची खोली कोणाची, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "दीदींची. भाड्याने द्यायची नाही."

तुम्ही येऊन, बसून पाहिल्याशिवाय काम सुरू करणार नाही. मिस्त्री रोज कटकट करून राहिला आहे. जिन्याला कठडा आधीच बसवला आहे. पावसाच्या आत या, नाही तर रेघा पुसल्या जातील.

दार डाव्या हाताला आहे. पण तुम्ही भिंतीतून आलात तरी आमच्याकडे कोणी काही म्हणणार नाही.

तुमचा,
राजू